होडी जालन्याला आणा

जालना जिल्ह्याला समुद्र नाही, खाडी नाही, बारा महिने खळखळणारी नदी नाही. बंदर मात्र आहे. शहराजवळच्या दरेगाव शिवारात ड्रायपोर्ट नावाचं बंदर आहे आणि त्याच्या पाठीशी न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराचं वजन आहे. बंदरात पाणी नसावं ही गोष्ट मुंबईकराला चमत्कारिक वाटेल, जालनेकराला वाटत नाही. नळ आहे म्हणजे पाणी आहे असं इथे कुणी गृहीत धरत नाही, मग बंदर आहे म्हणजे पाणी असेल असं तरी का धरावं? 1 मे 1981 रोजी जिल्हा झाल्यापासून बऱ्याच गोष्टी इथे आधी नावाने येतात आणि मग सवडीने प्रत्यक्षात उतरतात. बंदर झालंच आहे, तर त्याला शोभेलसा एखादा जहाजी धंदाही जिल्ह्यात असावा असं म्हटलं की लोक हसतील. हसून झाल्यावर मात्र विचार करण्याजोगा एक धंदा खरोखर आहे. वाकडी झालेली जुनी लाकडी होडी पुन्हा मूळ आकारात आणणं, हा तो धंदा. या कामाला देशात जालन्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, असं प्रस्तुत लेखकाचं म्हणणं आहे. ते जिल्ह्याच्या अभिमानातून आलेलं नाही. अभिमान असता तर लेखकाने स्टीलवर किंवा मोसंबीवर लिहिलं असतं.

होडी वाकडी कशामुळे होते, याविषयी सर्वसाधारण समज असा की लाटा, खडक आणि नावाड्याची संगत यामुळे. लाटांनी आणि खडकांनी होडी फुटते, तडकते, प्रसंगी बुडते. पण आकार बिघडणं हा दुखण्याचा वेगळाच प्रकार आहे आणि तो फार शांतपणे होतो. होडी मधे रुंद आणि टोकांना निमुळती. पाणी तिला उचलतं ते मधल्या फुगीर भागाला जास्त आणि टोकांना कमी. टोकांच्या लाकडाचं वजन मात्र असायचं तेवढं असतंच. वर्षानुवर्षं असं चाललं की टोकं खाली झुकतात, मधला भाग वर येतो आणि होडीला कुबड निघतं. हीच होडी किनाऱ्यावर ओढून दोन टोकांखाली दोन दगड लावून ठेवली, तर उलट घडतं: मधे आधार नसल्यामुळे पोट सुटतं. त्यात मधल्या आडव्या फळ्या कुणी बाकड्यासाठी काढून नेल्या की दोन्ही बाजू पसरू लागतात. लाकूड क्षणभराचा भार सोडून देतं, पण महिनोन्महिन्यांचा भार अंगी लावून घेतं; मधूनमधून भिजत आणि वाळत असेल तर फारच लवकर. होडी पालथी घातलेली दिसली की गावातली चार रिकामी माणसं तिच्यावर बसून पत्ते खेळणार, हे ठरलेलं. काही वर्षांनी होडीने त्या चौघांच्या बैठकीचा आकार घेतलेला असतो. मग लोक म्हणतात, लाकूड हलकं निघालं. लाकूड हलकं नव्हतं, पत्त्यांचा डाव लांबला होता.

हा रोग फक्त गरिबाच्या होडीला होतो असंही नाही. अमेरिकेतल्या बोस्टनला कॉन्स्टिट्यूशन नावाची 1797 सालची युद्धनौका आहे. 1992 साली दुरुस्तीसाठी तिला कोरड्या गोदीत घेतलं तेव्हा तिच्या कण्याला सुमारे 13 इंचांचं कुबड होतं. ते कसं काढलं, हे पाहण्यासारखं आहे. कुणी वरून दाबलं नाही, खालून ओढलं नाही. कण्याखाली ठोकळे लावले, जहाज त्यांवर हळूहळू टेकू दिलं, ते स्वतःच्या वजनाने काही महिन्यांत बसलं, आणि मग आतून तिरप्या तुळ्या घालून त्याला तसंच धरून ठेवलं. इंग्लंडमधली व्हिक्टरी, नेल्सनची, 1765 ची, हिची कथा उलटी. 1922 पासून ती पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत उभी आहे आणि जमिनीवर राहून राहून स्वतःच्याच भाराखाली खचत चालली होती. शेवटी जुने पाळणे काढून तिला 134 पोलादी टेकू लावले. ते काम 2020 साली संपलं. प्रत्येक टेकूवर किती भार येतो ते यंत्र सांगतं, आणि त्याप्रमाणे टेकू वरखाली करता येतो. एक जहाज पाण्यात वाकलं, दुसरं जमिनीवर खचलं. याचा अर्थ दोष पाण्याचाही नाही आणि जमिनीचाही नाही. जिथे जितका आधार हवा तिथे तितका न मिळणं, हे मूळ दुखणं. आणि तो आधार पुन्हा नीट वाटून देऊन स्वस्थ बसणं, हा इलाज. यात आधार वाटणं कोणालाही शिकवता येतं. स्वस्थ बसणं शिकवता येत नाही, ते अंगात असावं लागतं.

इथे कोकण हरतं आणि जालना पुढे येतं. किनाऱ्यावरच्या माणसाकडे सगळं आहे, वेळ नाही. पावसाळी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवसांची. होडी वर ओढलेली, हात मोकळे, म्हणून मोठी दुरुस्ती करायची ती याच दिवसांत. आणि हेच दिवस असे की आभाळ फाटलेलं असतं, लाकूड आतून बाहेरून ओलं असतं आणि घरचा प्रत्येक माणूस नारळीपौर्णिमा किती दिवसांवर आली ते बोटांवर मोजत असतो. ज्या होडीला वाकायला वीस वर्षं लागली, तिला सरळ व्हायला दोन महिने देणं म्हणजे जुलूम आहे. घाईघाईने जॅक लावून दाब दिला तर फळी बरोबर सांध्यातून फाटते, आणि जॅक काढल्यावर उरलेली होडी पुन्हा पहिल्या वाकड्या जागी येऊन बसते. जालना जिल्ह्यात होडीची वाट पाहणारं कुणीच नाही. मालक घाई करणार नाही, कारण होडी मिळाली तरी ती टाकायची कुठे हा प्रश्न त्यालाही पडलेला असतो. बँकेचा हप्ता होडीवर चढलेला नसतो. ‘काम कधी होईल’ या प्रश्नाला ‘होईल की’ हे उत्तर इथे पूर्ण आणि समाधानकारक मानलं जातं. जहाजाच्या वैद्यकीला लागणारी ही सर्वांत महागडी सामग्री, आणि ती आपल्याकडे फुकट पडून आहे.

यावर पहिला आक्षेप जाणकार घेतील तो हवेचा. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत माणूस वाळतो, तिथे होडीचं काय? फळ्या आकसतील, सांधे उघडतील, उभ्या चिरा जातील. आक्षेप खरा आहे, पण अर्धा. लाकडाला नवा आकार द्यायचा तर ते आधी ओलं आणि ऊबदार असावं लागतं, आणि दिलेला आकार टिकवायचा तर त्याच साच्यात बांधलेलं असताना ते सावकाश वाळावं लागतं. किनाऱ्यावर पहिली अट सहज पुरी होते आणि दुसरी कधीच होत नाही. जालन्यात दुसरी अट सूर्यनारायण पुरी करतो; पहिलीची सोय आपण करायची. ती अवघडही नाही. होडीवर गोणपाट पांघरायचं आणि त्यावरून ठिबकच्या नळ्या फिरवायच्या. ज्या जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि जिथे शेतकरी उन्हाळ्यात एकेक झाड थेंबाथेंबाने जगवतो, तिथे बारा हात लांबीची एक होडी ओली ठेवता येऊ नये हे पटत नाही. प्रश्न असलाच तर तो अनुदानाच्या अर्जात पिकाच्या रकान्यात काय लिहायचं हा आहे. कुणाला हे थट्टेचं वाटत असेल तर त्याने स्वीडनकडे पाहावं. 1628 साली पहिल्याच सफरीत बुडालेलं व्हासा हे जहाज 1961 साली वर काढलं आणि नंतर त्यावर 17 वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉलची फवारणी केली. ते लाकूड तीनशेवर वर्षं पाण्यात मुरलेलं होतं, त्याचं दुखणं निराळं आणि औषधही निराळं, हे मान्य. पण 17 वर्षं न कंटाळता फवारणी, ही बातमी वाचून जगातल्या कुठल्या शेतकऱ्याला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटेल, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप कारागिरांचा. होडी बांधणारा सुतार जालन्यात कुठून आणणार? होडी बांधणारा नसेल, पण लाकडाला त्याच्या मनाविरुद्ध गोल करणारा इथे पिढ्यान्‌पिढ्या होता. बैलगाडीचं चाक कसं व्हायचं ते आठवावं. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठ्यांचं वर्तुळ, आणि या सगळ्याला एकत्र धरणारी लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान करायची. मग गोवऱ्यांच्या आरात ती लाल होऊन फुगेपर्यंत तापवायची, चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची, आणि लाकूड पेट घेण्याच्या आत त्यावर पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा, धाव आवळायची, आणि तोवर खुळखुळणारा एकेक सांधा कर्र आवाज करून मिटायचा. लाकूड किती दाब सोसतं आणि कुठल्या क्षणी सोसेनासं होतं, हे ज्या सुताराला आणि लोहाराला चाकात कळलं, त्यांना होडीत कळायला वेळ लागणार नाही. टायरच्या गाड्या आल्यापासून ही विद्या रिकामी बसली आहे, आणि रिकामी विद्या रिकाम्या माणसापेक्षा लवकर वाकते. टेकू, शिकंजे, साच्याचे सांगाडे यांचं तर बोलायलाच नको. औद्योगिक वसाहतीत सळयांच्या गिरण्या आहेत, आणि इथल्या बांधकामावरचा पोरगासुद्धा सळई मिलिमीटरमध्ये न मागता तीन सूत, चार सूत अशी मागतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. होडीच्या इलाजात नेमकं हेच माप लागतं.

कारण हा सगळा इलाज सुतासुताने करायचा आहे. होडी सुलटी करून घोड्यांवर ठेवायची, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून दोरी बांधायची. गवंड्याची पाणी भरलेली नळी लावून दोन्ही काठ एका पातळीत आहेत का ते बघायचं, मधोमध ओळंबा सोडायचा. मग दर हातभर अंतरावर दोरीपासून तळ किती खाली आहे, ते वहीत लिहायचं. या वहीवरून कुबड कुठे आहे ते समजतं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, कारण होडीइतकेच आपणही एका बाजूला कललेले असतो. नंतर ज्या सांध्यांमुळे फळ्या हलू शकत नाहीत, त्यांचे खिळे सैल करायचे. कुजलेल्या बरगड्या काढायच्या. चांगल्या तशाच ठेवायच्या. ज्या फळीला वळण हवं तिला वाफ द्यायची: जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण तासभर, असा जुना हिशेब आहे. वाफेसाठी वेगळा बॉयलर नको. गोदाकाठी ऊस आहे, आणि ऊस आहे तिथे गुळाची काहील आणि तिच्याखालचं चुलवण ओळखणारी माणसं आहेत. मराठवाड्यात पुराच्या वेळी लोकांनी काहिलीत बसून पाणी ओलांडल्याच्या बातम्या येतात. तेव्हा जी काहील पुरात होडीचं काम करते, तिने पूर ओसरल्यावर होडीसाठी थोडी वाफ काढली तर ते नात्याला धरूनच होईल. वाफावलेली फळी साच्यावर आवळायची आणि सोडून द्यायची. तळाखालचे टेकू मात्र आठवड्याला एक सूत सरकवायचे. एक सूत सरकवल्यावर काही झालं असं कुणालाच दिसत नाही. बघायला जमलेली मंडळी ‘अजून दोन दाबा, काही होत नाही’ असं म्हणतात. या मंडळींना चहा पाजावा, पण जॅकच्या दांड्यापासून लांब बसवावं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोल आहे: मूळ आकार म्हणजे नेमका कुठला? ज्याने होडी बांधली तो गेला, नकाशा कधी नव्हताच, आणि गावाला विचारावं तर प्रत्येकाच्या आठवणीतली होडी वेगळी, शिवाय प्रत्येक आठवणीत ती दर वर्षी दोन हात लांब होत गेलेली. मग आपण परत आणणार तो आकार खरा की आपल्या मनचा? याचं पहिलं उत्तर साधं आहे. होडी स्वतः बरीच साक्ष देते. सहसा एकच बाजू जास्त बिघडलेली असते. दुसरीवरून पुठ्ठ्याचा फर्मा काढून तो उलटा लावला की पहिलीचं मूळ वळण मिळतं. शाबूत बरगड्या आपली गोलाई सोडत नाहीत. जुनी आडवी फळी सापडली तर होडीची रुंदी तिच्या लांबीत लिहिलेली असते, म्हणून ती ज्याच्या ओसरीवर बाकडं होऊन पडली असेल त्याच्याशी आधी गोड बोलावं. शेवटी एक लांब लवचीक पट्टी बाहेरून धरायची. ती जिथे अडखळते तिथे आकार खोटा आहे. दुसरं उत्तर मोठं आहे, आणि ते जालन्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात भिंतीवर रंगवलेलं आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं एक जहाज आहे, पाचव्या शतकातलं; नाळेवर डोळा काढलेला, मागच्या बाजूला रांजण मांडलेले. भारतीय नौदलाचं कौंडिण्य हे जहाज याच चित्रावरून सिद्ध झालं. हातात एका बाजूचं दृश्य, तेही पाण्याच्या वरचं. पाण्याखालचा भाग चित्रकाराने काढला नाही, कारण तो त्याला दिसत नव्हता. प्रामाणिक माणूस होता, पण त्याच्या प्रामाणिकपणाने दीड हजार वर्षांनी इंजिनिअरांची झोप उडवली.

तरीही जहाज झालं. गोव्यात दिवाडी बेटावर, केरळचे बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या सुतारांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आणि फटींत राळ भरली. मद्रास आयआयटीत नमुन्याला पाण्यात तपासून आकाराची खात्री केली. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात आलं, डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघालं आणि 2026 च्या जानेवारीत मस्कतला पोहोचलं. म्हणजे नकाशा हरवला तरी जे शिल्लक आहे त्यावरून उरलेलं तर्काने काढता येतं, आणि तर्क बरोबर होता की नाही ते शेवटी पाणी सांगतं, कुठलीही समिती नव्हे. आणि समुद्रापासून इतक्या लांबच्या डोंगरातल्या माणसाला जहाज कसं ठाऊक, असं विचारणाऱ्याने भोकरदनला जावं. जालना जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. इथल्या लोकांची नावं सांचीच्या दानलेखांत आहेत. 1973 च्या उत्खननात इथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. इटलीत पाँपेईच्या राखेखालून 1938 साली जी प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, तिच्याशी त्याचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं आहे. असं काम इटलीपर्यंत काही बैलगाडीने गेलं नसेल. जहाजात माल चढवणारा हा मुलूख आहे. मधे दोन हजार वर्षांचा खंड पडला इतकंच, आणि खंड पडलेली कामं पुन्हा सुरू करण्याचा अनुभव जिल्ह्याच्या प्रशासनाला भरपूर आहे.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा: एवढा खटाटोप कशाला? फायबरची नवी होडी मिळते, आणि तीही नको असेल तर थर्माकोलचे तुकडे बांधून त्यावर बसलं की जाळं टाकता येतं. जायकवाडीच्या पाण्यावर अशी मासेमारी चालतेच. गोदावरीच्या पात्रात वाळू काढायला तराफेही बनतात, त्यांचा आकार कधीच बिघडत नाही, कारण बिघडण्याच्या आत महसूल खात्याचं पथक येऊन ते जाळतं. स्वस्त आणि तात्पुरत्या वस्तूंचा हा बिनचूक हिशेब मान्य केला, तरी एक गोष्ट राहते. लाकडी होडीचा आकार म्हणजे त्या नदीची मोजमापं असतात. पात्र उथळ आणि वाळूचं म्हणून तळ सपाट. प्रवाहाला जोर किती, त्यावरून नाळ किती उचललेली. एका खेपेला किती माणसं आणि किती पोती, त्यावरून मधली रुंदी. 1976 साली पैठणचं धरण झालं, ठिकठिकाणी पूल झाले, आणि खालची गोदावरी तासाने सोडायच्या पाण्यावर वाहू लागली. धरणाआधीची नदी कशी होती हे कागदावर आकड्यांत मिळेल. ती अंगावर कशी यायची, हे फक्त तिच्यासाठी घडवलेल्या होडीच्या वळणात उरलं आहे. थर्माकोलच्या तुकड्याला कुठलीच नदी माहीत नसते, तो कुठल्याही डबक्यावर तितक्याच निष्ठेने तरंगतो. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये गोदावरीने आपण नुसती आवर्तनाची नदी नाही हे दाखवून दिलं, तेव्हा काठच्या गावांना होडीचं महत्त्व पटवायला कुणी लेख लिहावा लागला नाही.

पाचवा आक्षेप मात्र खरोखर अडचणीचा आहे. समजा होडी सरळ झाली. ती तरंगवायची कुठे? घाणेवाडीचा निजामकाळातला तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा, आणि तोही दुष्काळात तळ दाखवतो. त्यातला गाळ जालनेकरांनी स्वतः वर्गणी काढून उपसला आहे, त्यांच्याकडे होडी सोडायची परवानगी मागायला जायचं म्हणजे धाडस हवं. राहिली दक्षिणेची गोदावरी. तिथे पाणी जलसंपदा खात्याचं, वाळू महसूल खात्याची, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, आणि वर पैठणला गेलं तर पक्षी वनखात्याचे. होडी या चौघांच्या मधे तरंगणार, आणि चौघांपैकी कुणाच्याच रजिस्टरमध्ये तिच्यासाठी रकाना नाही. पण नीट पाहिलं तर हा आक्षेप आपल्या म्हणण्याला पोषकच आहे. चार खात्यांच्या ना-हरकती गोळा होईपर्यंत साच्यातली फळी अगदी हवी तशी, बिनघाईची, आतपर्यंत वाळेल. परवानगी हातात आली की होडी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवायची. फळ्या फुगतात, सांधे मिटतात, आणि मगच तिच्यात माणूस बसवायचा. दफ्तरदिरंगाईचा कुणाला उपयोग झाल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण ठरेल.

तेव्हा वेळ, ऊन, ठिबक, लोखंड, चाकाची विद्या आणि वाट पाहण्याची सवय, इतकी सामग्री एका जिल्ह्यात दुसरीकडे मिळणार नाही. पण यातल्या शेवटच्या गुणाबद्दल एक खुलासा केला नाही तर हा लेख सत्काराच्या भाषणासारखा होईल. वाट पाहण्याने होडी सरळ होत नाही. वाट पाहतच ती वाकडी झालेली असते. दोन दगडांवर टेकवून ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून सोडून दिल्यामुळेच तिचं पोट सुटलं. तीच वाट, टेकू योग्य जागी लावून आणि दर आठवड्याला एक सूत सरकवून पाहिली, तर तिचं औषध होतं. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात: होडी पडलेली, माणसं बसलेली, काही घडत नाही. फरक वहीत असतो. एका वहीत दर आठवड्याचा आकडा लिहिलेला असतो, दुसऱ्या वहीत पत्त्यांच्या डावाचा हिशेब. जालन्याने इतकी वर्षं सिंचनाची, रस्त्यांची, कारखान्यांची आणि त्या कोरड्या बंदराची जी वाट पाहिली, ती यातली कुठल्या वहीतली, हे सांगणं अवघड आहे. म्हणूनच एक जुनी होडी इथे आणून ठेवावी. जिल्ह्याला बंदर मिळो न मिळो, सुताचा हिशेब दर आठवड्याला लिहायची सवय लागली, तर होडीचं भाडं वसूल झालं म्हणायला हरकत नाही.